शिक्षक-शिक्षणातील संशोधनकल्पनेचा विकास

शिक्षक-शिक्षणातील संशोधनकल्पना म्हणजे शिक्षक कसे घडतात, त्यांना कसे घडवले जाते आणि सेवेत आल्यानंतर ते कसे शिकत राहतात, याविषयीच्या कुतूहलातून तयार झालेला अभ्यासण्याजोगा प्रश्न होय. एम.एड.चा प्रबंधिका लिहिणारा विद्यार्थी, पीएच.डी.साठी नोंदणी करणारा अध्यापकाचार्य आणि आपल्याच वर्गावर कृतिसंशोधन करणारा शिक्षक या तिघांनाही संशोधनाच्या आरंभी एकच अडचण येते. विषय पुष्कळ सुचतात, पण प्रश्न सापडत नाही. विषय हे अभ्यासाचे क्षेत्र असते. प्रश्न हा त्या क्षेत्रातील असा बिंदू असतो, ज्याचे उत्तर आज ठाऊक नाही आणि पुरावा गोळा केल्यास मिळू शकते. विषयाकडून प्रश्नाकडे होणाऱ्या या प्रवासास संशोधनकल्पनेचा विकास असे म्हणतात. प्रस्तुत लेखात या प्रवासाचे टप्पे महाराष्ट्रातील उदाहरणांच्या आधारे मांडले आहेत.

स्वरूप आणि व्याप्ती

शिक्षणविषयक प्रत्येक संशोधन हे शिक्षक-शिक्षणाचे संशोधन नसते. तिसरीतील मुलांना हातच्याची वजाबाकी का जमत नाही, हा गणित शिक्षणाचा प्रश्न आहे. ती चूक छात्राध्यापकाच्या लक्षात केव्हा येते, लक्षात आल्यावर तो तिचा कोणता अर्थ लावतो आणि असा अर्थ लावण्यास त्याला प्रशिक्षणात कोणी शिकवले काय, हा शिक्षक-शिक्षणाचा प्रश्न होय. पहिल्या प्रश्नाच्या केंद्रस्थानी मूल आणि आशय आहेत. दुसऱ्याच्या केंद्रस्थानी शिकवणाऱ्याचे शिकणे आहे. नवसंशोधकाकडून या दोहोंची गल्लत वारंवार होते. कल्पना पहिल्या प्रकारची असते, शीर्षकात मात्र ‘शिक्षक’ हा शब्द येतो, आणि निष्कर्षाच्या वेळी प्रशिक्षणाविषयी सांगण्यासारखे काहीच हाती उरत नाही.

या क्षेत्रात सामान्यतः पुढील गोष्टींचा अभ्यास होतो : सेवापूर्व प्रशिक्षण (डी.एल.एड., बी.एड.), सराव पाठ आणि शालेय आंतरवासिता, सेवांतर्गत प्रशिक्षण, अध्यापकाचार्यांचे स्वतःचे ज्ञान व कार्यपद्धती, शिक्षक-शिक्षणाचे धोरण, आणि शिक्षकांच्या नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतील घडण. यांपैकी अध्यापकाचार्य कसा तयार होतो, हा विषय सर्वांत कमी हाताळला जातो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

शिक्षक कोण असावा आणि त्याला कोणते प्रशिक्षण मिळावे, या प्रश्नाची महाराष्ट्रातील चर्चा जुनी आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत व ते शक्यतो शेतकरी समाजातून यावेत, अशी भूमिका मांडली होती. ती स्वतः शाळा चालवल्याच्या अनुभवातून आलेली होती. संशोधनाची औपचारिक भाषा तेव्हा अस्तित्वात नव्हती. तरीही शिक्षकाची सामाजिक पार्श्वभूमी आणि मुलांचे शाळेत टिकणे यांचा संबंध असतो, हे त्या निवेदनातील गृहीत आजही तपासण्याजोगे आहे.

विद्यापीठीय पातळीवर मुंबई विद्यापीठाने १९३६ मध्ये एम.एड. अभ्यासक्रम सुरू केला आणि शिक्षणशास्त्रातील भारतातील पहिली पीएच.डी. पदवी याच विद्यापीठाने १९४३ मध्ये दिली. पुण्यात १९४१ मध्ये टिळक शिक्षण महाविद्यालय स्थापन झाले. जे. पी. नाईक यांनी १९४८ मध्ये मुंबईत स्थापन केलेली भारतीय शिक्षण संस्था १९७६ मध्ये पुण्यास आली. देशभरातील शैक्षणिक संशोधनाचा आढावा घेणारा पहिला ग्रंथ एम. बी. बुच यांच्या संपादनाखाली बडोद्याहून १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला.

कृतिसंशोधनाची संकल्पना पाश्चात्त्य देशांतून आली. कुर्ट लेविन यांनी १९४६ च्या निबंधात ती सामाजिक प्रश्नांच्या संदर्भात मांडली. स्टीफन कोरी यांनी १९५३ च्या ग्रंथात ती शालेय व्यवहाराशी जोडली. इंग्लंडमध्ये लॉरेन्स स्टेनहाउस यांनी १९७५ मध्ये ‘शिक्षक हाच संशोधक’ हा विचार पुढे नेला. महाराष्ट्रात बी.एड.च्या अभ्यासक्रमात कृतिसंशोधन रुळले. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या नवोपक्रम स्पर्धेमुळे आपल्या प्रयोगांची लेखी मांडणी करण्याची सवय जिल्हा परिषदेच्या अनेक शिक्षकांना लागली.

न्या. जे. एस. वर्मा आयोग हा अलीकडचा महत्त्वाचा टप्पा होय. महाराष्ट्रातील अध्यापक विद्यालयांच्या मान्यतेसंबंधीच्या वादातून सर्वोच्च न्यायालयाने हा आयोग नेमला व त्याचा अहवाल २०१२ मध्ये सादर झाला. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनुसार २०१५-१६ पासून बी.एड. आणि एम.एड. हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे झाले. प्रशिक्षणाचा कालावधी दुप्पट झाल्याने शिक्षकाच्या प्रत्यक्ष अध्यापनात नेमका कोणता फरक पडला, हा प्रश्न त्यामुळे संशोधकांपुढे आपोआप उभा राहिला.

कल्पनेची उगमस्थाने

संशोधनकल्पना साधारणतः चार ठिकाणी उगम पावते.

पहिले उगमस्थान म्हणजे व्यवहारात अडलेला प्रसंग. सूक्ष्म अध्यापनात उत्तम गुण मिळवणारा छात्राध्यापक प्रत्यक्ष वर्गात गोंधळतो. पाठ टाचणात ‘विद्यार्थी अपेक्षित उत्तर देतील’ असे लिहिलेले असते आणि विद्यार्थी भलतेच उत्तर देतात. अध्यापकाचार्य निरीक्षण वहीत ‘फलकलेखन सुधारावे’ असा शेरा लिहितात, पण मुलाच्या त्या भलत्या उत्तराविषयी एक शब्दही लिहीत नाहीत. अशा प्रसंगांची तारखेसह नोंद ठेवणारी साधी वही हे नवसंशोधकाचे पहिले साधन होय. महिनाभराच्या नोंदी एकत्र वाचल्या की कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा खटकते, हे ध्यानात येते.

दुसरे उगमस्थान म्हणजे दोन दाव्यांतील विसंगती. धोरण एक सांगते आणि शाळेत दुसरे दिसते, किंवा दोन अभ्यासांचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत, अशा वेळी त्या दोहोंमधील जागेत प्रश्न असतो.

तिसरे उगमस्थान म्हणजे सैद्धांतिक संकल्पना. डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये असे दाखवून दिले की, शिक्षक होण्यापूर्वी प्रत्येक जण हजारो तास विद्यार्थी म्हणून शिक्षकांना पाहत आलेला असतो आणि हे पाहणे त्याच्या अध्यापनावर खोल ठसा उमटवते. ली शुल्मन यांनी १९८६ मध्ये आशयाचे ज्ञान आणि अध्यापनशास्त्राचे ज्ञान यांच्या संयोगातून निर्माण होणाऱ्या, केवळ शिक्षकाकडेच असणाऱ्या ज्ञानाची कल्पना मांडली. महाराष्ट्रातील बी.एड. महाविद्यालयांत शिकवली जाणारी ‘आशययुक्त अध्यापन पद्धती’ आणि शुल्मन यांची ही कल्पना यांत साम्य किती व भेद किती, हा प्रश्न मराठी संशोधकाच्या अगदी दाराशी आहे.

चौथे उगमस्थान म्हणजे पूर्वीच्या अभ्यासाची नव्या परिस्थितीत केलेली पुनरावृत्ती. ही वाट कमी प्रतिष्ठेची मानली जाते. नवशिक्याला मात्र पद्धतीची शिस्त सर्वाधिक याच वाटेवर लागते.

महाराष्ट्रातील काही उदाहरणे

व्ही. व्ही. कामत यांचे काम : फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये बुद्धिमापनाच्या कसोट्या तयार केल्या व अमेरिकेत १९१६ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती निघाली. परक्या मुलांसाठी रचलेले प्रश्न मराठी व कन्नड मुलांना जसेच्या तसे विचारले, तर मोजले जाते ते नेमके काय, मुलाची बुद्धी की परक्या संस्कृतीशी असलेली त्याची ओळख, ही शंका कामत यांच्या कामाच्या मुळाशी आहे. त्यांनी या कसोट्यांचे दोन्ही भाषांत रूपांतर करून त्यांचे प्रमाणीकरण केले आणि त्यावरील इंग्रजी ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध केला. आयात केलेली प्रश्नावली केवळ भाषांतरित करून वापरणाऱ्या आजच्या संशोधकाला या उदाहरणातून पुष्कळ घेण्यासारखे आहे.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांचे काम : १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले व पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. गरीब व आदिवासी वस्त्यांतील मुले बालवाडीत येत नाहीत, असा अनुभव आला. ‘मुले शाळेत का येत नाहीत’ या प्रश्नाची दिशा त्यांनी पालटली आणि ‘मुले जिथे आहेत तिथे शाळा कशी न्यावी’ असे विचारले. त्यातून वस्तीतील अंगणात भरणारी अंगणवाडी आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा हे प्रयोग निघाले. पहिल्या प्रश्नात दोष मुलाचा ठरत होता, दुसऱ्यात व्यवस्थेची तपासणी होते. अनुताईंच्या ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या आत्मकथनात या प्रवासाची माहिती मिळते.

मॅक्सीन बर्नसन यांचे काम : मूळच्या अमेरिकन असलेल्या बर्नसन यांनी फलटण येथील बोलीच्या सामाजिक भेदांवर १९७३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पीएच.डी.चा प्रबंध सादर केला. पुढे फलटणमध्येच त्यांनी प्रगत शिक्षण संस्थेच्या माध्यमातून काम उभे केले. कमला निंबकर बालभवन ही शाळा १९८६ मध्ये सुरू झाली. वर्णमालेच्या क्रमाने अक्षरे न शिकवता, ज्यांपासून लगेच अर्थपूर्ण शब्द तयार होतील असे अक्षरगट आधी शिकवण्याची वाचनपद्धती तेथे विकसित झाली. भाषेच्या अभ्यासातून निघालेला विचार वाचनशिक्षणापर्यंत आणि तेथून शिक्षकांच्या प्रशिक्षणापर्यंत पोहोचला. एकाच गावात दीर्घकाळ राहून केलेले निरीक्षण किती खोलवर नेते, हे यावरून दिसते.

वाडा येथील साक्षरता-अभ्यास : या शतकाच्या दुसऱ्या दशकात पालघर जिल्ह्यातील वाडा आणि कर्नाटकातील यादगीर येथील प्राथमिक शाळांतील मुलांच्या वाचन-लेखनाचा काही वर्षे सलग पाठपुरावा करणारा अभ्यास झाला. तीच मुले वर्षानुवर्षे पाहिल्याने एकदाच घेतलेल्या चाचणीत न दिसणाऱ्या गोष्टी पुढे येतात. एकट्या नवसंशोधकाला एवढी मोठी रचना झेपणार नाही, परंतु तिचा एखादा तुकडा घेऊन एका शाळेतील पाच मुले व त्यांची एक शिक्षिका यांचा वर्षभर अभ्यास करणे निश्चितच शक्य आहे.

कल्पनेकडून प्रश्नाकडे : लवासा परिसराचे उदाहरण

कल्पना क्रमाक्रमाने कशी लहान करत न्यावी, हे पुढील कल्पित उदाहरणातून स्पष्ट होईल. पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात, मोसे नदीवरील वरसगाव धरणाच्या जलाशयाकाठी लवासा हे नियोजित गिरिनगर आहे. दासवे परिसरात त्याची पहिली वसाहत उभी राहिली. २०१० च्या अखेरीस केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने बांधकाम थांबवण्याची नोटीस दिली. २०१८ मध्ये प्रकल्प चालवणारी कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. एकीकडे युरोपीय धर्तीच्या रंगीत इमारतींची रांग आणि दुसरीकडे मुळशीच्या पश्चिम पट्ट्यातील वाड्यावस्त्यांवरच्या थोड्या पटाच्या शाळा, हे दृश्य पाहणाऱ्या संशोधकाला विषय लगेच सुचतो.

पहिली पायरी. सुचलेला विषय असा असतो : ‘लवासा परिसरातील शिक्षणाच्या समस्या : एक अभ्यास’. यात परिसर कोणता, शिक्षण कोणाचे आणि समस्या कोणाच्या दृष्टीने, यांपैकी काहीच ठरलेले नाही. शिवाय निष्कर्ष आधीच ठाऊक असतो : समस्या आहेत. ज्या अभ्यासाचे उत्तर सुरुवातीलाच निश्चित आहे, त्याला संशोधन म्हणता येत नाही. दृश्यातील विरोधाभास मन वेधून घेतो, पण तो प्रश्न नव्हे.

दुसरी पायरी. संशोधक काही दिवस शाळेत बसतो. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांनुसार पहिली ते पाचवीच्या ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असतात. पट थोडा असला तरी इयत्ता कमी होत नाहीत, म्हणून एका शिक्षकासमोर एकाच वेळी दोन-तीन इयत्ता बसतात. आता विषय होतो : ‘बहुवर्ग अध्यापन करणाऱ्या शिक्षकांच्या अडचणी’. हा विषय आधीच्यापेक्षा बरा असला, तरी त्यातून अडचणींची यादीच निघेल आणि अशा याद्या पूर्वीच्या प्रबंधांत विपुल आहेत.

तिसरी पायरी. येथे शिक्षक-शिक्षणाची कसोटी लावली जाते : या अडचणीचा शिक्षकाच्या घडणीशी संबंध कोणता? सराव पाठ बहुधा एका इयत्तेचा, एका विषयाचा आणि एका तासिकेचा असतो. बहुवर्ग शाळेत प्रथमच रुजू होणाऱ्या शिक्षकाला मात्र पहिल्याच दिवशी एका गटाला शिकवताना दुसऱ्या गटाला काय काम द्यावे, हे ठरवावे लागते. त्यातून प्रश्न तयार होतो : ‘द्विशिक्षकी शाळेत प्रथमच रुजू झालेले शिक्षक पहिल्या सत्रात स्वयंअध्ययनाचे काम कसे ठरवतात, आणि ते ठरवताना प्रशिक्षणातील, सहकाऱ्याच्या अनुभवातील किंवा स्वतःच्या शाळकरी आठवणींतील कशाचा आधार घेतात?’

चौथी पायरी. प्रश्नाला पुरावा जोडला जातो. आठवड्यातून एक दिवस वर्गनिरीक्षण, मुलांच्या वह्यांतील त्या दिवशीचे काम, पाठ टाचण, आणि निरीक्षणानंतर शिक्षकाशी झालेला संवाद, एवढे साहित्य या प्रश्नाला पुरते. मुळशीच्या डोंगराळ भागात पावसाळ्यात रस्ते व दरडी यांमुळे भेटी चुकू शकतात. जून ते सप्टेंबर या काळाचे नियोजन तसे शिथिल ठेवावे लागते.

पाचवी पायरी. संशोधक स्वतःला विचारतो : माझी समजूत चुकीची ठरेल असा कोणता पुरावा मिळू शकतो? प्रशिक्षणाचा काहीच उपयोग होत नाही, अशी त्याची धारणा असेल, तर छात्रसेवाकालातील एखाद्या अनुभवाचा शिक्षकाने केलेला नेमका वापर दिसल्यावर तो त्याची नोंद करील काय? याचे उत्तर प्रामाणिकपणे ‘होय’ असेल, तरच कल्पना आराखडा लिहिण्यास योग्य झाली असे समजावे.

पूर्वसंशोधनाचे वाचन

संबंधित साहित्याचा आढावा हे प्रबंधातील दुसरे प्रकरण असले, तरी त्याचे वाचन प्रश्न ठरण्यापूर्वी सुरू व्हावयास हवे. भारतीय विद्यापीठांतील पीएच.डी. प्रबंध ‘शोधगंगा’ या संग्रहात विनामूल्य पाहता येतात. आपल्या विषयाचे दहा प्रबंध उघडून केवळ त्यांचे प्रश्न, न्यादर्श, साधने आणि निष्कर्ष एका तक्त्यात मांडले, तरी कोणत्या वाटा मळलेल्या आहेत ते कळते. मराठीतील ‘जीवन शिक्षण’, ‘शिक्षण संक्रमण’ व ‘शैक्षणिक संदर्भ’ या नियतकालिकांतून शिक्षकांचे अनुभव वाचावयास मिळतात. त्यांना शोधनिबंधाचे स्वरूप नसले, तरी प्रश्नांची बीजे तेथे विपुल आहेत.

वाचताना प्रत्येक अभ्यासाला तीन प्रश्न विचारणे उपयुक्त ठरते : लेखकाने काय पाहिले? त्यावरून तो काय म्हणतो? या दोहोंमधील उडी पुराव्याने पेलते काय? ‘या विषयावर संशोधन झालेले नाही’ हे विधान नवसंशोधकाने फार जपून करावे. बहुधा संशोधन झालेले असते, फक्त वेगळ्या नावाने. बहुवर्ग अध्यापनाचा अभ्यास ‘लहान शाळा’, ‘एकशिक्षकी शाळा’ किंवा ‘संमिश्र वयोगट’ या नावांखालीही सापडतो.

वारंवार आढळणाऱ्या त्रुटी

मराठीतील एम.एड. प्रबंधिकांत ‘अमुक कार्यक्रमाची निर्मिती व परिणामकारकता’ हा नमुना फार लोकप्रिय आहे. संशोधक स्वतः कार्यक्रम तयार करतो, स्वतःच दोन-तीन आठवडे शिकवतो, शिकवलेल्याच भागावर स्वतः रचलेली उत्तर चाचणी घेतो आणि पूर्व चाचणीपेक्षा गुण वाढल्याचे सिद्ध करतो. शिकवल्यावर गुण वाढणे स्वाभाविक असते. तेवढ्याने तो कार्यक्रम इतर पद्धतींपेक्षा सरस ठरत नाही. तुलनेसाठी दुसरा गट, काही काळानंतरची पुनर्चाचणी किंवा निदान मुलांच्या उत्तरांचे गुणात्मक विश्लेषण यांपैकी काहीतरी असल्याखेरीज ‘परिणामकारकता’ हा शब्द वापरू नये.

दुसरी त्रुटी अभिवृत्तीच्या प्रश्नावल्यांची आहे. ‘ज्ञानरचनावादी अध्यापन आवश्यक आहे’ या विधानाला पूर्ण सहमती दर्शवणे शिक्षकाला सोपे जाते, कारण अपेक्षित उत्तर कोणते हे त्याला प्रशिक्षणातूनच कळलेले असते. अशा प्रश्नावलीत मोजले जाते ते मत कमी आणि सौजन्य अधिक. एका तासाचे वर्गनिरीक्षण अशा शंभर प्रश्नावल्यांहून अधिक बोलके ठरू शकते.

तिसरी त्रुटी साधनाला प्रश्नाच्या आधी ठेवण्याची. संख्याशास्त्रातील एखादी कसोटी येते म्हणून तिला साजेसा प्रश्न शोधला जातो. क्रम उलटा हवा : ‘किती’ असे विचारावयाचे असेल तर मोजावे, ‘कसे’ असे विचारावयाचे असेल तर पाहावे व ऐकावे.

चौथी त्रुटी शिक्षकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची. ‘शिक्षक तंत्रज्ञानाचा वापर करीत नाहीत’ असे नोंदवून थांबणारा अभ्यास वीज, वेळ, अशैक्षणिक कामे आणि मिळालेले प्रशिक्षण यांचा विचार करीत नाही. शिक्षकाची प्रत्येक कृती त्याच्या दृष्टीने सयुक्तिक असते, असे गृहीत धरून तिचे कारण शोधावे. कारण समजल्यावर मतभेद नोंदवण्यास हरकत नसते.

नैतिक बाजू

शाळेत संशोधन करण्यासाठी मुख्याध्यापक व शिक्षण विभागाची परवानगी लागते. जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज केला जातो. मुळशीचे तालुक्याचे ठिकाण पौड हे आहे. कार्यालयीन परवानगी मिळाली म्हणजे शिक्षकाची व पालकांची संमती मिळाली, असे नव्हे. वरिष्ठांचे पत्र घेऊन आलेल्या पाहुण्याला शिक्षक सहसा नकार देत नाही. म्हणून नकार देण्याची मोकळीक शब्दांत सांगावी लागते. अध्यापकाचार्य आपल्याच छात्राध्यापकांचा अभ्यास करीत असेल, तर ही काळजी दुप्पट वाढते, कारण अंतर्गत गुण त्याच्याच हाती असतात.

लहान शाळांच्या बाबतीत नाव गुप्त ठेवणे पुरेसे नसते. ‘मुळशी तालुक्यातील एका द्विशिक्षकी शाळेतील नवनियुक्त शिक्षिका’ एवढे वर्णनही केंद्रातील सर्वांना ओळख पटवण्यास पुरते. अशा वेळी गाव, वर्ष आणि अन्य तपशील सैल ठेवावे लागतात. आणखी एक दायित्व परतफेडीचे आहे. गिरिनगर, धरण, पर्यटन अशा निमित्तांनी डोंगरी वस्त्यांत बाहेरचे लोक येतात, माहिती घेतात आणि निघून जातात. संशोधकाने आपले निष्कर्ष त्या शिक्षकांना मराठीत, केंद्राच्या शिक्षण परिषदेत किंवा शाळेतच समोरासमोर सांगावेत व त्यांचे आक्षेप प्रबंधात नोंदवावेत. वाङ्मयचौर्यासंबंधी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम लागू आहेत. परंतु शिक्षकाने बोलता बोलता सांगितलेली युक्ती आपल्या नावावर खपवणे हेही चौर्यच होय, मग ते कोणत्याही संगणकप्रणालीला न सापडो.

मार्गदर्शक, समूह आणि वेळ

आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार पीएच.डी.चा कालावधी किमान तीन व सामान्यतः कमाल सहा वर्षांचा असतो आणि सुरुवातीला अभ्यासक्रमात्मक काम पूर्ण करावे लागते. कल्पना घडवण्याचा काळ प्रामुख्याने हाच होय. मार्गदर्शकाकडे विषय मागण्यापेक्षा तीन-चार अडलेले प्रसंग लिहून नेणे अधिक फलदायी ठरते. मार्गदर्शकाने सुचवलेला विषय स्वीकारण्यात गैर नाही. मात्र त्यातील प्रश्न संशोधकाचा स्वतःचा असावा, कारण पुढील अनेक वर्षे त्याच्याबरोबर काढावयाची असतात.

कल्पनेची सोपी परीक्षा अशी : ती शिक्षणशास्त्राशी संबंध नसलेल्या व्यक्तीला दोन वाक्यांत मराठीत सांगावी. ‘चल’, ‘न्यादर्श’, ‘परिकल्पना’ हे शब्द टाळून ती सांगता येत नसेल, तर ती अद्याप पक्व झालेली नाही. सहाध्यायांचा छोटा वाचनगट, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतील अनुभवी अधिव्याख्याते आणि केंद्रातील ज्येष्ठ शिक्षक हे या परीक्षेचे चांगले परीक्षक ठरतात. पहिला आराखडा बदलावा लागला म्हणून खचून जाण्याचे कारण नाही. पाहणी सुरू झाल्यावर प्रश्न बदलतो, आणि तो का बदलला याची नोंद हाही संशोधनाचा भाग असतो.

महत्त्व

जे. पी. नाईक यांनी भारतीय शिक्षणातील समता, गुणवत्ता व संख्या या तिहींचा मेळ साधणे किती अवघड आहे, याचे विवेचन १९७५ मध्ये केले होते. भारतीय शिक्षण संस्थेत चित्रा नाईक यांच्या नेतृत्वाखाली पुणे जिल्ह्यातील खेड्यांत अनौपचारिक प्राथमिक शिक्षणाचा कृतिसंशोधन प्रकल्प झाला. शाळेबाहेर राहिलेल्या मुलांना शिकवणारा शिक्षक स्थानिक पातळीवर कसा तयार करता येईल, हाही त्यातील एक शोध होता. मोठे प्रश्न अशा लहान, नीट पाहिलेल्या तुकड्यांतून उलगडत जातात.

शिक्षक-शिक्षणातील दुबळ्या संशोधनाची किंमत ग्रंथालयात दिसत नाही. प्रबंध कपाटात राहतो, पदवी मिळते, आणि बहुवर्ग शाळेत पहिल्या दिवशी उभा राहिलेला नवा शिक्षक पूर्वीइतकाच एकटा असतो. त्याच्यासमोरच्या दोन गटांपैकी एका गटाचा तास कोऱ्या पाटीवर संपतो. त्या शिक्षकाला उपयोगी पडेल असे एखादे खात्रीचे वाक्य लिहिता येणे, हे नवसंशोधकाच्या पहिल्या कामाचे पुरेसे मोठे उद्दिष्ट मानले जाते.